पहिली धार

पर्वरीच्या पठारावर सकाळचे पावणेसहा.
इमारतीला अजून नाव नाही,
पण लिफ्टच्या बाजूला भिंतीवर पेन्सिलीने
एक चौकोन आखलाय, पितळी फलकाएवढा.
निरोगी इमारत, असं काहीतरी कोरून येणार आहे त्यावर.
तो फलक माझ्या बाटल्यांपाशी अडलाय.

बारा बाटल्या, बारा नळ, एक शीतपेटी.
"रात्रभर कुणी पाणी सोडलं नाही ना?"
ऑस्वाल्ड डोळे चोळत म्हणतो,
"थोडं वाहू द्या ना बाई, मग भरा.
सुरुवातीचं पाणी कोण पितं?"

शिशासाठी पहिलीच धार लागते, ऑस्वाल्ड.
रात्रभर तोटीच्या कुशीत निजलेलं,
पितळेशी, सांध्यातल्या डाखाशी कुजबुजलेलं पाणी.
दोन मिनिटं वाहिलं की तेही शहाणं होतं,
चारचौघांत बोलावं तेवढंच बोलतं.

जंतूंचं उलट.
तोटी स्पिरिटने पुसायची, पाणी वाहू द्यायचं,
झाकण खाली ठेवायचं नाही, करंगळीत धरायचं,
आणि बाटली उघडी असताना बोलायचं नाही.
पेडणेकरबाईंनी शिकवलेलं.
तेरा वर्षं झाली,
मी नळापुढे तोंड मिटून उभी राहते.

सातवा मजला, पाचवा, तिसरा.
खिडकीतून मांडवीवरचं धुकं, मग नुसतं ऊन.
गढूळपणा जवळजवळ शून्य. क्लोरीन बेताचं.
पाणी इतकं गुणी की जरा कंटाळाच आला.

खाली तळघराच्या उतारावर
निळा ड्रम, अर्धं लेबल खरवडलेलं,
उरलेल्या अर्ध्यात एक कवटी.
मल्लव्वा त्यात मग बुडवते, आधी पोराला पाजते,
मग स्वतः पिते, उरलेलं सिमेंटच्या घमेल्यात.
"वरच्या पाण्याला ताप आलाय काय?" ती विचारते,
"सारखं नाडी बघायला येता."

टँकर गुरुदासचा. विहीर सुकूरच्या बाजूची कुठलीतरी.
कुठली, ते गुरुदासलाही रोज वेगळं आठवतं.
चौदा महिने हाच ड्रम.
खांब यावर वाढले, स्लॅब यावर,
मल्लव्वाचं पोर यावर चालायला शिकलं.

माझ्या फॉर्मवर एक रकाना आहे:
इमारतीचे नियमित वापरकर्ते.
जे अजून एक दिवसही आले नाहीत,
त्यांची संख्या तिथे छापलेली आहे.

पर्समध्ये एक जादा कुपी असते नेहमी,
आत कागदाची पट्टी, तपकिरी.
पाणी खराब असेल तर काळी पडते.
ती भरली. तोंड मिटलेलंच होतं,
पण या वेळी नियमामुळे नाही.
उबेला ठेवावी लागते, म्हणून खिशात ठेवली,
स्कूटरवर, मग उशाशी.
रात्री दोनदा उठून पाहिलं,
लेकीच्या कपाळाला हात लावावा तसं.

उजाडता उजाडता ती शाई झाली.

ऑस्वाल्ड फोनवर म्हणाला,
"ते आपल्या कामात येत नाही. आणि पंधरवड्यात
ही माणसं जाणारच आहेत साइटवरून."
वाईट माणूस नाही तो. त्याच्या आवाजामागे
कुणीतरी चहाचे कप विसळत होतं.

मल्लव्वाला सांगितलं, उकळून पी.
ती हसली. "गॅस तुम्ही देणार?"

लॅबमध्ये अहवाल उघडून बसले.
तक्ता बाराव्या ओळीला संपतो,
खाली सहीची जागा, त्याखाली कोरं.
कुपी टेबलावर. पेडणेकरबाई मागून आल्या,
चष्मा वर सरकवून तिच्याकडे पाहिलं,
कुठली, विचारलं नाही.

"ओळ वाढवता येते," म्हणाल्या.
"उजवं बटण दाब."

तेरा. ठिकाण: तळघराचा उतार, निळा ड्रम.
निकाल: पिण्यास अयोग्य.
वापरकर्ते: मल्लव्वा, तिचं पोर, आणखी एकवीस.

"नियमित?" बाईंनी विचारलं.

नियमित, मी टाइप केलं.